सहीपुरते सर

संस्कार हा शब्द ऐकला की सरांच्या बायकोला जांभई येई. चाळीस वर्षांत तिने तो इतक्या व्यासपीठांवरून ऐकला होता, की त्यात आता काही उरलं असेल असं तिला वाटत नसे. आज सरांच्या सत्कारात सकाळपासून तो चार वेळा येऊन गेला होता, आणि सर अजून बोलायला उभेही राहिले नव्हते.

"छत्तीस वर्षं अध्यापन," निवेदक माईकला चिकटून सांगत होता, "एकोणीस वर्षं शिक्षण समिती, दोन वाचनालयं, प्रौढांचे वर्ग. आणि या साऱ्याचा पाया म्हणजे कुटुंब." टाळ्या झाल्या. कुटुंब सरांच्या डाव्या हाताला बसलं होतं आणि त्याला नव्या चपला चावत होत्या.

सरांची समाजसेवा रोज संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायची. शाळेतून आले की वह्यांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर आदळायचा, उभ्या उभ्या चहा घ्यायचा आणि दारातून म्हणायचं, "जरा बघून ठेव गं, मीटिंग आहे." समाजाचं त्यांच्यावाचून अडत होतं. वह्यांचं अडत नव्हतं, कारण वह्यांना ती होती. तीही शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलेली, पहिल्या नंबराने. पण एका घरात एक शिक्षक पुरे, असं सासूबाईंनी ठरवलं आणि सरांनी आईचा शब्द मोडला नाही. नको तिथे ते फार आज्ञाधारक होते.

ती नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा करत नसे. प्रत्येक वहीत लाल शाईने एक ओळ लिहायची. 'अक्षर घाईत आहे. कुठे जायचं होतं?' 'तिसऱ्या ओळीत चुकलास. पहिल्या दोन मात्र झकास.' सकाळी सर टेबलाशी बसत, ती डावीकडून एकेक वही सरकवी, सर खाली सही ठोकत आणि गठ्ठा घेऊन जात. वाचत नसत. वाचलं असतं तर निदान शिकले असते.

मुलांनी त्या वह्या जपून ठेवल्या. आता मोठ्या झालेल्या त्या मुलांकडून ओळी गोळा करून पुस्तक निघालं होतं, 'सरांचे शेरे'. मुखपृष्ठावर एका जुन्या पानाचा फोटो होता, अक्षर तिचं आणि सही त्यांची. छापण्याआधी चुकाही तिनेच काढून दिल्या. तेव्हाच ती म्हणाली होती, "पहिल्या पानावर एक ओळ टाका. शेरे मी लिहिले म्हणून."

सर समजूतदार हसले. "तुझं-माझं काय वेगळं आहे का? घरातलं घरात राहू दे."

सही तेवढी वेगळी होती. तिला हार नको होता, भाषण नको होतं. ती एक ओळ हवी होती. ती मिळाली नाही तेव्हा तिला रडू आलं नाही, किळस आली.

सर बोलायला उभे राहिले. "माझं सगळं शिकवणं घरातून आलं," म्हणाले. हे तिला पटलं. भाषण संपता संपता चाळिशीची एक बाई पायऱ्या चढून वर आली. तिने आपलं नाव सांगितलं. सरांची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका. हातात एक वही होती.

"सर, माझ्या वर्गातली मुलगी आहे. काही विचारलं की गप्प बसते. तिला काय लिहावं, मला सुचत नाही. तुम्ही एक ओळ लिहून द्या ना."

"अवश्य, अवश्य," सर म्हणाले. वही घेतली, न उघडता डावीकडे सरकवली, आणि माईकमध्ये पुढे बोलू लागले, "तर, शेरा म्हणजे शिक्षकाचं हृदय..."

पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं. सरांच्या काही लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

तिच्या मनात आलं, वही तशीच परत करावी. बसू दे तोंडघशी. पण वही उघडली आणि तिला राहवलं नाही. त्या पोरीने गणित केलं होतं, खोडलं होतं, कागद फाटायला येईपर्यंत खोडलं होतं, आणि शेजारी चुकीचं उत्तर लिहिलं होतं. तिने पर्समधून लाल पेन काढलं. 'खोडलेलं उत्तर बरोबर होतं. पुन्हा खोडू नकोस.' लिहिलं.

सरांनी बोलता बोलता सहीसाठी हात पुढे केला. तिने खाली स्वतःचं नाव लिहिलं, लग्नाआधीचं, आणि वही त्यांच्या समोरून थेट त्या शिक्षिकेच्या हातात दिली.

शिक्षिकेने ओळ वाचली. मग टेबलावरचं नवं पुस्तक उचलून मुखपृष्ठाशेजारी वही धरली. अक्षराशी अक्षर ताडून पाहिलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, पण माईक चालू होता. "या अक्षराच्या पाच वह्या आहेत माझ्याकडे."

"असतील," सरांची बायको म्हणाली. "साताच्या पाढ्यात अडायचीस तू. सात आठे चोपन्न लिहायचीस."

शिक्षिका वाकली आणि तिच्या पाया पडली. सर मध्ये उभे होते. त्यांचा हात अजून सहीसाठी पुढेच होता.