कड्याखालच्या रानाची पाहणी

मित्रांनो, वनखात्याच्या कचेरीत खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात पडलेली जुनी दुर्बीण म्हणजे मी. कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या तेव्हा वाटले होते, आता आपण वाघ-हरणे पाहणार. पण मी आले ताईंच्या गळ्यात, आणि ताईंचे काम निराळेच होते.

ताई सरकारी रानांची पाहणी करत. एखादे रान पाहणाऱ्याला किती नैसर्गिक वाटते, हे त्यांनी ठरवायचे; नैसर्गिक ठरलेले रान मग राखून ठेवले जाई. त्यासाठी त्या माणसाच्या खुणा शोधत: तारेचे कुंपण, तोडलेले बुंधे, गाडीच्या चाकोऱ्या. सापडलेली एकही खूण त्या लपवत नसत. बावीस वर्षे मी त्यांच्याबरोबर उन्हातान्हात हिंडले. डोळ्यांत तेल घालून पाहणे म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडूनच शिकले.

एकदा उंच कड्याखालच्या रानाची पाळी आली. तिथून पूर्वी लाकडाच्या गाड्यांचा रस्ता जात असे. ताईंनी तो अहवालात स्पष्ट लिहिला आणि तरीही रान 'नैसर्गिक' ठरवले. ताईंच्या वरच्या साहेबांना ते पटेना. रस्ता आहे म्हणजे रान राखून ठेवायचे कारणच उरत नाही, तिथे दगडाची खाण देता येईल, असे त्यांचे म्हणणे. ताईंनी वाद घातला नाही. "एकदा स्वतः चला," एवढेच म्हणाल्या.

कड्यावर पोचताच साहेबांनी मला डोळ्यांना लावले. तासभर त्यांनी ते रान अक्षरशः पिंजून काढले. मग खाली उतरून ताईंच्या मागोमाग झुडपांतून, कोवळ्या झाडांतून वाट काढत राहिले. शेवटी घाम पुसत वैतागून म्हणाले, "कुठे आहे तुमचा तो रस्ता?"

"साहेब, मघापासून आपण त्याच्यावरूनच चालतोय," ताई म्हणाल्या.

साहेबांनी पायाखाली पाहिले. पाचोळा, शेवाळ, मुंग्यांची रांग. मग तिथेच बसून गुडघ्यावर अहवाल ठेवला आणि सही केली. मला ताईंचा फार अभिमान वाटला, साहेबांचाही थोडा.

ते रान आजही उभे आहे. ताई निवृत्त झाल्या. आता आकाशातून फोटो काढणारी यंत्रे आली, आणि माझ्या काचांवर बुरशी धरली. मित्रांनो, तुमच्या ओळखीत एखादी जुनी दुर्बीण असेल, तर मऊ फडक्याने पुसून तिला बाहेर न्या. तिला अजून दिसते. आणि रानात जाल तेव्हा असे जा, की तुमच्यामागून पाहणीला येणाऱ्याला लिहायला काहीच सापडू नये.