निळा कोट आणि पारदर्शक नूडल्स

कपाटात निळा कोट. चाळणीत कंदाच्या पिठाच्या, वजन न वाढवणाऱ्या पारदर्शक नूडल्स. उद्या लेकीचं लग्न.

नवरीच्या आईला तिच्या दिवंगत शिंपीण आईनं शिवलेला तो कोट उद्या घालायचाच होता, पण बटणं काही केल्या लागत नव्हती. म्हणून महिनाभर ती या नूडल्सवर होती.

"चव कशी आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"ढग गिळल्यासारखी."

"मग आता उडून जाऊ नका, बाईसाहेब."

डोळे मिटून खाताना तिला वाटलं, आपण पाण्यावर तरंगतोय आणि काठावर आई सुईत दोरा ओवतेय.

"जिवाचे हाल कशाला करतेस गं? कोट उलटा करून बघ आधी," आई म्हणाली.

तिनं हात पुसले, कपाट उघडलं आणि कोट उलटा केला.

पुढे उसवून सैल करता यावं म्हणून गिऱ्हाइकांच्या शिवणीत आई दोन बोटं कापड जास्त ठेवायची. स्वतःच्या लेकीच्या या कोटात तिनं चार बोटं ठेवलं होतं.