कडबाकुट्टीची धनीण

पाऊस उघडून चार दिवस झाले होते. वार सोमवार, वेळ सकाळचे दूध घालून झाल्यानंतरची, आणि स्थळ बाजाराच्या टोकाची बँक, जिथे पंखा फिरे पण वारा लागत नसे. थोरल्या सुनेच्या वहाणांना गोठ्यातले शेण तसेच होते. नवऱ्यामागे म्हशी तीच सांभाळी. गोठ्याचे छप्पर एका अंगाने बसले होते, म्हशी चिखलात उभ्या राहत आणि एकीचे खूर नासू लागले होते. आणि छपरासाठी मागितलेले कर्ज तिच्या नावापुढच्या एका नोंदीने अडवले होते. नोंद अशी, की दोन वर्षांमागे तिने कडबा कापायचे यंत्र हप्त्यांवर घेतले आणि पुढे हप्ते थकवले.

"यंत्र मी घेतलंच नाही, अशी तक्रार दिली होती ना साहेब?"

"दिली होती. कर्ज देणाऱ्या कंपनीनं चौकशी केली. म्हणतात, नोंद बरोबर आहे."

"चौकशी कुणाकडं केली?"

"तुमच्याकडंच. अर्जावरच्या नंबरला फोन केला. बाई म्हणाल्या, यंत्र मीच घेतलंय, पैसे आले की भरते."

"नंबर वाचा बरं."

साहेबांनी वाचला. नंबर तिच्या दिराच्या घरचा होता; फोनवरची बाई धाकटी जाऊच असणार, असे तिने साहेबांना सांगितले.

नवरा गेला तेव्हा वारसाच्या कामासाठी तिने आपली सारी कागदपत्रे याच दिराच्या हाती विश्वासाने दिली होती. त्याच्या अंगणात कडबाकुट्टी आली, तेव्हापासून ती रोज तिथे भारा नेई आणि कापणावळ रोख देई. 'घरच्या आहात म्हणून कमी घेतो, वहिनी,' असे तो वर ऐकवी. आपल्याच नावावरच्या यंत्राचे भाडे ती त्यालाच भरत आली होती.

"अर्जावर फोटो आहे," साहेब म्हणाले, "पण डोक्यावरचं कापड पार भुवयांपर्यंत ओढलंय. दोघींना ओळखणारं घरातलं माणूस आणा. जबाब लिहून तक्रार कंपनीकडं पुन्हा पाठवतो."

संध्याकाळी ती दिराच्या अंगणात गेली. यंत्र चालू होते. तिला पाहून दिराने ते बंद केले. वंगणाचा कुबट वास तेवढा मागे राहिला. तिने बँकेतल्या नंबरचे आणि फोटोचे सांगितले.

"एवढ्यासाठी बँकेत कशाला जायचं, वहिनी? यंत्रच घेऊन जा. उरलेले हप्ते तुम्ही भरा, घरातली गोष्ट घरात राहील."

धाकटी जाऊ हसली. "फोटो माझा काय, तुमचा काय, ताई. आपण का वेगळ्या आहोत?"

"कापणावळ घेताना होतो," थोरली म्हणाली.

त्या यंत्राकडे पाहण्याचीही तिला शिसारी आली. ओसरीवर सासू बसली होती, तिच्यापुढे जाऊन ती म्हणाली, "आई, उद्या बँकेत चला."

"मी हिच्या हातचं जेवते गं."

"ठाऊक आहे. नाही आलात तरी तुमचं दूध चुकायचं नाही."

धाकटीने त्या रात्री ताट सासूपुढे आदळलेच.

सकाळी मात्र म्हातारी काठी टेकत बँकेत हजर झाली. पाठोपाठ दीर येऊन दारात उभा राहिला. साहेबांनी फोटो पुढे केला. तिने तो लांब धरला, जवळ आणला. एकवार दाराकडे पाहिले.

"आजी, ही तुमची थोरली सून का?"

"नव्हे. ही धाकटी आहे. लिहा."