बुटीबोरीचा गोविंदा

सुशील वैरागडेला माणूस हसवल्याशिवाय अन्न पचत नसे आणि फसवल्याशिवाय झोप लागत नसे. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, कानशिलं पांढरी, पोट पट्ट्याच्या बाहेर आलेलं, पण हात शाळकरी पोट्ट्याचे. धरमपेठच्या ऑफिसात त्यानं माऊसखाली चिकटपट्टी लावली नाही असं एक टेबल दाखवा. चपराशी, हिशेबवाले, खुद्द मालक, सगळ्यांचा एकदा तरी मामा झालेला. लोक शिव्या द्यायचे, मग हसायचे. समोरचा हसला की गुन्हा माफ, हे सुशीलचं जन्माचं गणित. ते चुकलं ते गोविंदा निनावेपायी. आणि गोविंदा तर कधी जन्मलाच नव्हता.

कंपनी नागपूरची, ट्रान्सपोर्टची. शहराबाहेर वाडीला गोदाम, बुटीबोरीला लहानसा डेपो, धरमपेठेत काचेचं ऑफिस. मालकाच्या डोक्यात कोणीतरी भरवलं की आता कागद नको, फोनाफोनी नको, सगळ्या कंपनीचं मिळून एक पोर्टल पाहिजे. प्रत्येकाचं त्यावर आपलं पान, आपला फोटो. मालाची बिल्टी, म्हणजे कोणता माल कोणत्या गाडीनं कुठं चालला त्याची पावती, तिथंच टाकायची, रजा तिथंच मागायची, साहेबाची मंजुरी तिथंच घ्यायची. आणि चार शब्द बोलावेसे वाटले तर त्यासाठीही तिथंच एक भिंत, जिला जे वाटेल ते चिकटवा. हे सगळं उभं करायचं काम आलं सुशीलवर आणि त्याच्या हाताखालच्या मिनलवर.

असलं काही बांधताना आधी एक खोटा माणूस तयार करावा लागतो. त्याच्या नावानं रजा मागून पाहायची, बिल्टी टाकून पाहायची. नवी गाडी माल भरायच्या आधी रिकामी फिरवून आणतात ना, तसं. बाकीचे लोक त्याला 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' म्हणून मोकळे होतात. सुशीलनं नाव दिलं गोविंदा निनावे. वय चोवीस, गाव पवनी, घरी एकटी म्हातारी आई, नोकरी कंत्राटी. कंत्राटी अशासाठी की त्यांचा पगार ठेकेदार करतो. पगाराच्या यादीत नाव दिसलं नाही तरी कोणी विचारायला येत नाही. फोटो सुशीलनं आपलाच चिकटवला, कॉलेजातला, मिशी फुटायच्या आधीचा.

आता गोविंदाला डेपो कोणता द्यायचा? तर बुटीबोरी. तिथला बुकिंगचा कारकून सोडून गेला होता आणि त्याची जागा मालकानं भरलीच नव्हती. तिथलं काम वाडीचे बुकिंगवाले गोपाळराव भोयर फोनवरून ओढत होते. पण पोर्टलला हे कसं समजवायचं? सुशीलनंच ते असं बनवलं होतं की प्रत्येक बिल्टीवर त्या डेपोच्या माणसाचं नाव पाहिजे, चौकट रिकामी सोडली तर पान पुढं सरकतच नाही. बुटीबोरीत माणूस नाही. मग टाकलं गोविंदाचं नाव, तात्पुरतं. या धंद्यात तात्पुरत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं.

गोपाळराव भिवापूरचे. वाडीत भाड्याची खोली, शनिवारी संध्याकाळी गावी, सोमवारी सकाळी परत. साठीला टेकलेले. कॉम्प्युटरला हात लावायचा म्हणजे त्यांना परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं व्हायचं. चाचणीच्या दिवसांपासूनच वाडीच्या बिल्ट्या गोदामातली पोरं आपापल्या नावानं टाकून देत. बुटीबोरीच्या बिल्ट्या गोपाळराव धरमपेठला फोन करून सांगत, आणि इकडे सुशील नाही तर मिनल टाईप करी, गोविंदाच्या नावाखाली.

एक दिवस फोन वाजला आणि सुशीलच्या अंगात आलं. नाक दाबून, बारीक आवाजात तो म्हणाला, "हॅलो, गोविंदा बोलून राहिलो काका."

"नवीन आहे का बाप्पा? कोन्या गावचा?"

"पवनी."

"अरे, मंग आपल्याच इकडचा पोट्टा. जेवला का?"

सगळं ऑफिस पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते रोजचंच झालं. गोपाळराव आधी 'जेवला का' विचारत, मग गाडीचे नंबर सांगत. आईची तब्येत विचारत, हेल्मेट घालत जा म्हणत. एकदा तर त्यांनी ड्रायव्हरच्या हाती भिवापुरी मिरचीची पिशवी पाठवली, पोट्ट्याच्या मायसाठी. ती सुशीलच्या घरी गेली. सावजीवाल्यानं हात जोडावे असा रस्सा झाला. खाताना सुशीलच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तो हसतच होता.

पोर्टल सगळ्या कंपनीसाठी चालू व्हायच्या आदल्या दिवशी मिनल म्हणाली, "सर, गोविंदाले काढा आता. खोटे माणसं आत ठेवून चालू करत नसते."

"राहू दे वं. भिंत रिकामी दिसते. तेवढा पोट्टा तरी लिहिते काही."

आणि खरंच, लिहायचा तो एकटाच. ट्रकच्या मागचे शेर, सकाळचे नमस्कार, टपरीवरच्या तर्री-पोह्याचे फोटो. ज्यांना माहीत होतं ते, म्हणजे धरमपेठचं ऑफिस आणि वाडीची पोरं, मुद्दाम अंगठे देत, ज्यांना माहीत नव्हतं ते मनापासून देत.

माहीत नसलेल्यांत सगळ्यात मोठ्या हिमानी मॅडम. मालकानं कंपनी सुधारायला नेमलेल्या, बसायच्या पुण्याला. नागपूर त्यांना पोर्टलमधून दिसायचं, तेवढंच. त्यांनी सुशीलकडून गुणांची सोय करून घेतली: किती बिल्ट्या टाकल्या, भिंतीवर किती लिहिलं, किती जणांनी वाखाणलं. पहिल्याच महिन्यात बुकिंगमध्ये गोविंदा पहिला आला. पडद्यावरचं पदक मिळालं. ऑफिसनं त्याच्या नावानं समोसे हाणले.

त्यानंतर एका बैठकीत मॅडमनी सांगितलं की वाडी आणि बुटीबोरीचं बुकिंग एक करायचं आहे. दोन माणसं कशाला, एक पुरे. गोविंदा राहील. गोपाळराव भोयर महिनाअखेर मोकळे. त्यांच्या नावापुढं पोर्टलवर शून्य होतं.

बैठक पडद्यावर होती, म्हणून सुशीलचं तोंड कसं झालं ते कोणाला कळलं नाही. वाडीच्या बिल्ट्या पोरांच्या नावावर, बुटीबोरीच्या गोविंदाच्या नावावर. म्हाताऱ्याची सगळी मेहनत होती तिथं, फक्त त्याच्या नावावर नव्हती.

मिनल म्हणाली, सर, सांगून टाका. सुशीलनंही दोनदा तोंड उघडलं. पण सांगितलं तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि या वयात नवी कोण देतं? शिवाय आजवर प्रत्येक भानगडीतून तो दुसरी खोडी काढूनच सुटला होता. त्यानं गोविंदाचा राजीनामा टाकला. पोट्टा गेला की जागा उरते, जागा उरली की गोपाळराव राहतात. सोपं आहे.

मॅडमनी राजीनामा नामंजूर केला. असा मुलगा सोडायचा नाही म्हणाल्या. पगार वाढवू, उद्या व्हिडिओवर त्याच्याशी स्वतः बोलते.

आवाज नाक दाबून काढता येतो. चोवीस वर्षांचं तोंड कुठून आणणार? संध्याकाळी सुशीलनं गोविंदाला मारून टाकलं. बुटीबोरी चौक, मोटारसायकल, मागून ट्रक. त्या रस्त्यावर माणूस मारायला फार डोकं लावावं लागत नाही. भिंतीवर चार ओळी टाईप केल्या, फोटोला काळी चौकट लावली आणि बटण दाबलं. बटण दाबताना त्याला हसू आलं होतं, हे त्याला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शाखांत पडद्यासमोर उभं राहून मौन पाळायचा हुकूम आला. सुशील मुद्दाम वाडीला गेला. गोदामातली पोरं दुपट्टे तोंडाशी धरून उभी होती. त्यांचे खांदे हलत होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, रडून राहिले. पुढं गोपाळराव उभे होते. ते मात्र खरंच रडत होते, आवाज न करता, चष्मा काढून हातात धरलेला. मौन संपल्यावर ते पोरांजवळ गेले. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, धीर धरा बाप्पा. तेव्हा एका पोराचं हसू थांबलं, मग दुसऱ्याचं. सुशील बाहेर जाऊन ट्रकच्या आडोशाला उभा राहिला. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली आणि तशीच खिशात ठेवून दिली.

डाव मात्र बरोबर पडला. दोन दिवसांत मॅडमनी कळवलं की आता गोपाळरावच राहतील, वाडीही त्यांची, बुटीबोरीही त्यांची. सुशीलनं ही खबर स्वतः फोन करून दिली. या खेपेला आपल्या आवाजात.

गोपाळराव म्हणाले, "नाही जमनार, सुशीलभाऊ."

"काहून?"

"पोट्ट्याचं तेरवं नाही झालं अजून. मेलेल्याच्या ताटावर बसून जेवाचं नसते. तो मेला म्हनून माही नोकरी वाचली, असं मनात आलं ना, तर घास नाही उतरत. मी महिनाअखेर जातो, जसं ठरलं तसं."

सुशीलनं त्यांना समजावलं, मग रागावला, मग गयावया केली. म्हातारा हलला नाही. उलट विचारलं, पवनीत त्याच्या आईचं घर कुठं, जाऊन येतो म्हणतो एकदा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी सुशील वाडीला पोचला. बुकिंगच्या खोपटात गोपाळराव आपलं सामान गोळा करत होते: बसायची गादी, स्टीलचा गिलास, देवाची तसबीर. भिंतीवर पोरांनी गंमत म्हणून छापून लावलेला गोविंदाचा फोटो होता. त्याला झेंडूचा हार गोपाळरावांनी घातला होता, ताजा.

सुशील स्टुलावर बसला. "गोपाळराव, तो पोट्टा मेला नाही."

म्हाताऱ्याचे हात थांबले. चेहरा असा उजळला की सुशीलला पुढचं वाक्य गिळून टाकावंसं वाटलं.

"वाचला का? कोन्या दवाखान्यात हाय?"

"नाही. तो नव्हताच."

मग त्यानं सगळं सांगितलं. खोटा माणूस कशाला लागतो, चौकट कशी रिकामी सोडता येत नाही, फोनवर कोण बोलत होतं, गुण कसे मोजले गेले. सांगताना त्याला सवयीनं वाटत होतं की आता कुठंतरी म्हातारा हसेल, शिवी देईल आणि मोकळं होईल. गोपाळराव एकदा फोटोकडे पाहत, एकदा सुशीलच्या तोंडाकडे. दोन्हींचं नाक एकच होतं.

"मंग मले काढलं कोनं?" त्यांनी विचारलं.

सुशीलनं फोटोकडे बोट केलं. "कामं तुमचीच होती," तो म्हणाला. "त्याच्या नावावर चढत होती."

"म्हंजे माह्याच कामानं मले काढलं."

"आता तर कोनी मेलं नाही ना?" सुशील म्हणाला. "मंग बसा ना तुमच्या जागेवर. तुमचा काही दोष नाही, ताट कोनाचं उष्टं नाही."

गोपाळरावांनी गादीची गुंडाळी केली, सुतळीनं बांधली. "तवा लाज वाटत होती, भाऊ. आता भेव वाटते. जो नव्हता त्याले तुम्ही पदक देलं. मी एवढे वर्षं होतो तर शून्य देलं. उद्या मी इथं बसन, आन् नसन." गाठ आवळून त्यांनी विचारलं, "मिरची कोनं खाल्ली?"

"मी."

"तिखट होती?"

"हो."

त्यांनी मान हलवली, जणू तेवढं एक तरी खरं निघालं. मग भिंतीजवळ गेले, फोटोचा हार काढला. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. निर्माल्य म्हणावं तर मेलं कोणीच नव्हतं. शेवटी तो त्यांनी टेबलावर फोनशेजारी ठेवला. आणि दाराशी जाऊन, पाठ फिरवूनच, रोज फोनवर बोलत त्या सुरात म्हणाले, "जेवला का, गोविंदा?"

सुशीलचा हात आपसूक नाकाकडे गेला. दाबायची गरज पडली नाही. आवाज तसाच बारीक निघाला.

"हो काका."

"बरं," म्हणून गोपाळराव गादी काखेत मारून उतरले. ट्रकांच्या रांगेतून अमरावती रोडकडे गेले. मागं वळून पाहिलं असतं तर सुशीलला बरं वाटलं असतं.

धरमपेठला मिनलनं विचारलं, मॅडमला कधी सांगणार? सुशील म्हणाला, सांगतो. ते 'सांगतो' अजून चालूच आहे.

त्या संध्याकाळी बुटीबोरीहून ड्रायव्हरचा थेट धरमपेठला फोन आला. वाडीत कोणी उचलून नाही राहिलं म्हणाला, गाडी भरून उभी आहे, बिल्टी टाका. सुशीलनं पान उघडलं. गाडीचा नंबर टाकला, माल टाकला, गाव टाकलं. खाली माणसाच्या नावाची चौकट आली. गोविंदाचं नाव तिथं आता चालत नव्हतं, तो मेला होता. गोपाळरावांचं नाव टाकायला बोट गेलं आणि मागं आलं. रिकामी सोडून पाहिली, पान सरकेना. तसं त्यानंच बनवलं होतं.

फोनवर ड्रायव्हर ताटकळला होता. सुशीलनं आपल्या पानावर डेपो बदलून बुटीबोरी केला आणि चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं. पोर्टलनं लगेच त्याच्या नावापुढं एक गुण चढवला.