पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

मी एक संख्या आहे, मित्रांनो, ५१०५११, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म साधा आहे. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा या पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा, की झाले मी. या सातांपैकी कशानेही मला भागा, बाकी एक उरते. तेवढे पाहून घाईची माणसे मला मूळ संख्या ठरवून मोकळी होतात. पुढचा एकोणीस कुणी लावून बघत नाही. मी १९, ९७ आणि २७७ यांचा गुणाकार आहे. मी संयुक्त आहे आणि मला त्याची लाज नाही.

आफ्रिकेतल्या मलावी देशात, मंगोची गावच्या शाळेत, म्तालिमांजा सरांनी मला परीक्षेत घातले. मूळ की संयुक्त? वर्गात एकट्या अतुपेलेने 'संयुक्त' लिहिले. सरांनी त्यावर लाल फुली मारली. दोन गुण गेले, आणि झोम्बा शहरातल्या गणित स्पर्धेची एकुलती एक जागा तिची मैत्रीण म्वायी हिला मिळाली.

"सर, एकोणीसनं भाग जातो," अतुपेले म्हणाली.

"वीस वर्षं शिकवतोय मी. आता तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही, सर. भागून दाखवते."

ती फळ्यावर भागू लागली. शेवटी एकशे एकाहत्तर उरले. एकोणीस नवे एकशे एकाहत्तर. आता फक्त शून्य लिहायचे होते. तेवढ्यात सरांनी डस्टर फिरवला.

"बस जागेवर. मासे विकणाऱ्या आईला जाऊन शिकव हे."

वर्ग हसला. अतुपेले खाली मान घालून बसली. मला तोंड असते तर मी त्या फळ्यावरून ओरडले असते.

म्वायी मात्र हसली नाही. तिने घरी जाऊन भागाकार पुरा केला आणि सकाळी वही सरांपुढे ठेवली.

"सर, मी 'मूळ' लिहिलं होतं. माझे दोन गुण काढा."

"यादी गेली झोम्ब्याला."

"मग दुसरी पाठवा. मी जाणार नाही."

सरांनी खडू घेतला आणि स्वतः भागले. शून्य आले. मग त्यांनी नवी यादी लिहिली. अतुपेले झोम्ब्याला गेली, तिसरी आली.

पण 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द सरांनी वर्गात उच्चारले नाहीत. आईवरून मारलेला टोमणाही मागे घेतला नाही. वर्गातल्या बाकीच्या चाळीस वह्यांत मी अजून मूळ संख्याच आहे.

मित्रांनो, कुणावरही शिक्का मारण्याआधी एक पायरी आणखी भागून बघा. आणि चुकलात, तर ज्यांच्यासमोर चुकलात त्यांच्यासमोरच ते पुसा.