उरलेल्या दोन भेली

जयवंताबाई किती वाळल्या आहेत हे ज्या दिवशी उघड झालं, त्या दिवशी सगळे खूश होते.

पारशिवनीच्या वाटेवर देवीचं एक देऊळ आहे. तिथे त्यांची गुळाने तुळा होती. एका पारड्यात जयवंताबाई, दुसऱ्यात गुळाच्या भेली. त्यांना मधुमेह झाला होता आणि तो जावा म्हणून नवऱ्याने, नत्थूजींनी, नवस बोलला होता. साखरेच्या रोग्याला गुळाने तोलायचं हे पुजाऱ्यालाही चमत्कारिक वाटलं. पण देवीला गोड आवडतं, बाईला काय सोसतं ते देवीने काहून पाहावं, असं म्हणून त्याने नारळ फोडला.

नत्थूजी नागपूरच्या कापूस बाजारात मापारी होते. गाडीवरचा बोजा नुसता पाहून वजन सांगायचे आणि काटा मागाहून तेच सांगायचा. गूळही त्यांनी असाच नजरेच्या अंदाजाने आणला होता. बायको पारड्यात बसली आणि गुळाचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. जयवंताबाई वर लटकल्या.

"काय नत्थूजी, बाजारातही असंच मापता काय?" पुजारी म्हणाला.

"मले खाली घ्या जी आधी," जयवंताबाई वरून म्हणाल्या. "पारशिवनी दिसून राहिली मले."

एक भेली काढली, दांडी हलली. दुसरी काढली तेव्हा कुठे सरळ झाली. नत्थूजींचं तोंड उतरलं. त्यांचा अंदाज आजवर चुकला नव्हता.

त्यांची थोरली मेव्हणी भागीरथाबाई कामठीहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी टाळीच वाजवली. "माह्या कारल्याचा रस! रोज पाजाले लावला तिले. पाह्य वं जयवंते, नवरीवानी झाली तू!" आणि कोणी नको म्हणायच्या आत त्या स्वतः पारड्यात जाऊन बसल्या. गुळाच्या दोन्ही भेली परत ठेवल्या, तेव्हा त्यांचं वजन बरोबर भरलं.

"अंदाज माहा चुकला नाही," नत्थूजी म्हणाले, "बहीण चुकली." सगळे हसले. उरलेल्या दोन भेली त्यांनी पिशवीत घातल्या आणि हात जोडून देवीला म्हणाले, "हिचं अंग भरलं की ह्या आणून देतो."

परतीच्या बैलगाडीत जयवंताबाई समोर बसल्या होत्या. नत्थूजींनी त्यांच्याकडे बोजाकडे पाहतात तसं पाहिलं. रोज जिच्या हातची भाकर खाल्ली तिच्याकडे त्यांनी असं पाहिलंच नव्हतं. गूळ आणला होता तो जुन्या जयवंताबाईंच्या वजनाचा.

दुसऱ्या दिवशी ते त्यांना सीताबर्डीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवी उकळली, ती विटेसारखी लाल झाली, म्हणजे साखर भरपूर होती. मग पोट दाबून पाहिलं, डोळ्यांची पापणी ओढून पिवळेपणा पाहिला, आणि बाईंना बाहेर बसवून नत्थूजींना आत बोलावलं.

"पोटाच्या मागच्या बाजूला स्वादुपिंड म्हणून एक ग्रंथी असते. खाल्लेली साखर अंगी लागते ती तिच्यामुळे. बहुतेकांची साखर ही नुसती साखरच असते, त्यात घाबरायचं नाही. पण उतारवयात एकाएकी साखर निघते आणि माणूस कारण नसताना वाळत जातं, तेव्हा कधीकधी त्या ग्रंथीत कर्करोग असतो. साखर ही त्याची वर्दी असते. यांच्या पोटात गाठ हाताला लागते आहे."

"लवकर आणलं असतं तर?"

"खोटं सांगत नाही. तरी काही करता आलं असतं की नाही, मला माहीत नाही."

दिवाळी आली ती जयवंताबाईंशिवाय आली.

पुढल्या उन्हाळ्यात भागीरथाबाई कामठीहून आल्या. शेवग्याच्या शेंगांची पेंडी दारात ठेवली आणि पाणी प्यायच्या आत म्हणाल्या, "भाऊजी, मलेही साखर निघाली. पण माहं बरं आहे. कशी हलकी झाली, पाहा!" आणि अंगणात एक गिरकी घेतली. लुगड्याचा घोळ त्यांच्यामागून उशिरा फिरला.

नत्थूजींनी त्यांच्याकडे बोजाकडे पाहतात तसं पाहिलं.

"बाई, उद्या डॉक्टरकडे चला."

"काहून? मले काय झालं?"

"वाळल्या तुम्ही."

"मी? मी कुठची वाळते जी! होती तशीच आहे."

"आत्ता तर हलकी झाली म्हणाल्या."

"मनानं हलकी झाली."

दोन दिवस हेच चाललं. नत्थूजी डॉक्टर म्हणाले की बाई कारलं म्हणत. शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी देवीपाशी सगळा गूळ तुमच्या बरोबरीचा भरला होता. किती होता ते मले पाठ आहे. बाजारात चला, काट्यावर बसा. तेवढ्या भरल्या तर डॉक्टरचं नाव काढणार नाही. नाही भरल्या तर मुकाट्यानं चालायचं."

"कापसाच्या काट्यावर? मी का गठाण आहे?"

"गठाण इतकं बोलत नाही."

ह्यावर बाई हट्टाने तयार झाल्या. सकाळी त्यांनी आवरायला बराच वेळ लावला. वाटेने चालल्या त्या अगदी सावकाश, दोन्ही हात पोटाशी धरून. नत्थूजींना वाटलं, पोट दुखतं की काय.

बाजारात काट्यावर कवडू होता. तो नत्थूजींचा जोडीदार. त्याने पारडं पुसून दिलं. "बसा माय, लाजू नका. काल इथं सरपंचाचा बोकड बसला होता."

भागीरथाबाई बसल्या. पारड्यात खण्ण असा आवाज झाला. कवडूने वजनं चढवली. गुळाइतकी चढवली तरी बाईंचं पारडं उठेना. आणखी चढवली.

"भरली!" बाई वरच्या आवाजात म्हणाल्या. "वरून जास्तच भरली! काढा आता डॉक्टरचं नाव!"

कवडू काट्याकडे पाहत होता. नत्थूजी काट्याकडे पाहतच नव्हते. ते बाईंच्या वाळलेल्या मनगटांकडे पाहत होते.

"बाई, आवाज कशाचा आला?"

"कुठचा आवाज?"

"माणूस बसलं तर काट्यावर आवाज येत नाही."

"बांगड्यांचा असेल."

"काचेच्या बांगड्या अशा वाजत नाहीत. काय लपवलं ते काढा."

बाईंनी कमरेशी चाचपलं. मग ओच्यातून लोखंडी खलबत्ता निघाला. त्याच्यामागून वरवंटा निघाला, तो घसरून कवडूच्या पायाजवळ पडला. कवडू एका पायावर नाचला.

"अजून आहे काय काही, माय? पाटा घरीच राहिला काय?"

आजूबाजूचे गाडीवाले हसायला लागले. भागीरथाबाईही हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. पारडं त्यांच्यासकट वर गेलं होतं.

"जयवंताले नेलं तुम्ही डॉक्टरकडे," त्या वरूनच म्हणाल्या, "अन् ती गेली. मले भेव लागते जी."

नत्थूजींनी पारडं हाताने धरून खाली आणलं. "मलेही लागते. सापडलं काही, तर डॉक्टर काय करंल मले माहीत नाही. पण ह्या वेळेस टाळ्या वाजवायच्या नाहीत, बाई. इतकंच."

त्या त्याच दिवशी डॉक्टरकडे गेल्या. खलबत्ता कवडूपाशी ठेवला.

डॉक्टरांनी लघवी उकळली, पोट दाबलं, डोळे पाहिले. मग विचारलं, "जेवायला काय घेता?"

"कारल्याचा रस."

"आणि?"

"कडुलिंबाचा."

"आणि भाकरी?"

"भाकर कशाले? खाण्यानंच तर साखर होते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही उपाशी आहात! उपाशी माणूस वाळणारच. आज हाताला काही लागलं नाही, पण मी शपथ घेत नाही. ज्वारीची भाकरी, भाजी, वरण खा. मी देतो तसं औषध घ्या. आणि दर आठवड्याला वजन करा. खाऊन भरत गेलात तर ती नुसती साखरच. खाऊनही वाळलात, तर त्याच दिवशी या."

दर बाजाराच्या दिवशी भागीरथाबाई कामठीहून येऊ लागल्या. कवडू आधी म्हणायचा, "माय, ओचा झटका." त्या झटकायच्या, मग बसायच्या. पहिल्या खेपेला काटा तसाच राहिला आणि नत्थूजी दोन वेळा जेवले नाहीत. पुढल्या खेपेला थोडा हलला. पाऊस संपेपर्यंत बाई पुन्हा सगळ्या गुळाच्या बरोबरीला आल्या. खलबत्ता कवडूने परत केला.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी फळीवरच्या दोन भेली पाहिल्या. मुंग्या लागू नयेत म्हणून त्या पाण्याच्या परातीत विटांवर ठेवल्या होत्या.

"भाऊजी, आता देऊन टाका ह्या देवीले. माहं अंग भरलं ना!"

"तुमच्या नावानं दुसरा गूळ आणू," नत्थूजी म्हणाले. "ह्या तिच्या आहेत."

बाई उठून तांब्या घेऊन आल्या. परातीतलं पाणी आटलं होतं, ते त्यांनी भरून ठेवलं.

त्या दोन भेली देवीला द्यायच्या राहिल्या आहेत.