थंडीत न पुसणारा आकडा

आमच्या शाळेत सोळाव्या वर्षी एक आठवडा कुणाच्या तरी कामाच्या जागी जाऊन बसायचं असतं. बाकीच्या मुली बेकरीत, कुत्र्यांच्या दवाखान्यात वगैरे गेल्या. मी आईच्या लॅबमध्ये गेले, कारण बेल्जियममधल्या आमच्या अख्ख्या गेंट शहरात वाकणारा पडदा बनवणारी एकमेव बाई माझी आई आहे आणि मला त्याचा भयंकर माज आहे.

पडदा म्हणजे पैसे भरायच्या कार्डावरची बोटभर पट्टी. प्लास्टिकचे दोन पापुद्रे आणि मधे केसाहून बारीक असा द्रव स्फटिकांचा थर. कार्ड मशीनला टेकवलं की जुना आकडा पुसला जातो, नवा उमटतो, तोही फक्त त्या एका खरेदीपुरता. चोराने तुमचा आकडा वाचला तरी त्याच्या हाती मेलेला आकडा! कार्ड मागच्या खिशात ठेवा, त्यावर बसा, सायकल चालवा, पट्टीला काही होत नाही. आईची सहा वर्षं गेलीत त्यात.

बुधवारी ब्रसेल्सहून बँकेच्या लामोत बाई बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं की लगेच कार्डं छापायला जाणार होती आणि जानेवारीत लोकांच्या हातात पडणार होती. त्या सकाळी लॅबच्या अंगणात सायकलींच्या सीटवर पांढरं दव गोठलं होतं. आईचा साहेब योस्त माझ्याकडे तीन कार्डं देत म्हणाला, "नेले, ही पलीकडच्या इमारतीत न्यायची. काखेत धर."

"कुठे?"

"काखेत. स्वेटरच्या आत. गारठतील बिचारी."

सगळे हसले. मग माझ्या लक्षात आलं की तिथे सगळेच असं करतात! कुणाला कार्ड दाखवायचं असलं की आधी थोडा वेळ काखेत. आईच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या पिमचा तर गप्पा मारतानाही हात आपोआप स्वेटरमध्ये जातो, त्याला स्वतःला कळतही नाही.

मी आईला कोपऱ्यात गाठलं. "हे कशासाठी गं?"

"थंडीत द्रव घट्ट होतो. जुना आकडा पूर्ण पुसला जात नाही, नवा त्याच्यावरच बसतो."

"किती थंडीत?"

आई चष्मा पुसत राहिली. "आजच्यासारख्या."

"म्हणजे जानेवारीत बाजारात उभं राहून लोकांनी आधी कार्ड काखेत दाबायचं? आणि आकडा चुकला तर?"

"तीनदा चुकला तर कार्ड बंद पडतं. मी योस्तला ऑक्टोबरमध्येच सांगितलंय, मिश्रण बदलायला हवं. तो म्हणाला, आधी होकार येऊ दे."

"आणि लामोत बाईंना कुणी सांगितलंय?"

"चल, उशीर होतोय."

माझं डोकं फिरलं. घरात दुधाचा डबा उघडा राहिला तर ही बाई तासभर बोलते!

पलीकडच्या इमारतीत हीटर असे लावले होते की खोलीत पाव भाजता आला असता. योस्तने कार्ड टेकवलं, आकडा झकास बदलला. त्याने कार्डाची कमान केली, पुन्हा टेकवलं, पुन्हा झकास. लामोत बाई खूश. योस्तने त्यांच्यापुढे कॉफी आणि दालचिनीची बिस्किटं सरकवली आणि म्हणाला, "आता ग्रेत सांगेल, हे सगळ्या हवेत चालतं."

ग्रेत म्हणजे माझी आई. ती उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. बुटांकडे बघायला लागली. पूर्ण खोली तिच्याकडे बघत होती आणि ती बुटांकडे.

"बाहेर नेऊन दाखवा ना," मी म्हणाले. जोरात म्हणाले.

योस्त हसला. "शाळेची मुलगी आहे. आठवडाभर पाहुणी."

"पाहुणी आहे, आंधळी नाही."

"नेले!" आई.

लामोत बाईंनी पर्समधून सिगारेट काढली. "मला तसंही बाहेर जायचंय. द्या ते कार्ड आणि ते छोटं मशीन."

सायकलींच्या छपराखाली त्यांनी निवांत अर्धी सिगारेट ओढली. कार्ड त्यांच्या उघड्या हातात. योस्त पाय आपटत होता, थंडीने की कशाने देव जाणे. मग बाईंनी कार्ड टेकवलं. पट्टीवर आकडा आला, पण कसा! तीन आहे की आठ, एक आहे की सात, काही कळेना. जुन्या आकड्याचं भूत नव्याच्या मानगुटीवर बसलेलं.

"ग्रेत," योस्त म्हणाला, अगदी गोड आवाजात, "सकाळी तू याच्यात काही फेरफार केलास का?"

माझ्या कानांतून वाफ निघाली. मी बोलणार, तेवढ्यात आईने माझा दंड असा आवळला की मी कळवळले.

"नाही," ती म्हणाली. "मी काही बदललं नाही. बदलायचं होतं, ते तू बदलू दिलं नाहीस. ऑक्टोबरपासून मागतेय मी दुसरं मिश्रण. तू म्हणालास, काखेत धरा."

लामोत बाईंनी सिगारेट विझवली. "दुसऱ्या मिश्रणाला किती वेळ लागेल?"

"पुढचा हिवाळा उजाडेल."

"मग पुढच्या हिवाळ्यात याच छपराखाली भेटू." त्या कोट घ्यायला आत गेल्या, बिस्किटांना हातसुद्धा लावला नाही.

योस्त माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही उद्यापासून इथे दिसायला नको."

घरी जाताना आम्ही कालव्याकाठाने सायकली हाणत होतो, वारा थेट तोंडावर. मला वाटलं, आता आई म्हणेल, शाब्बास.

"ते मी सांगायचं होतं," ती ओरडली. "माझं काम, माझं तोंड!"

"मग उघडायचं होतंस!"

"उघडणारच होते!"

"कधी? त्यांनी हो म्हटल्यावर?"

पुलाजवळच्या लाल दिव्यापाशी थांबलो तेव्हा तिचं नाक लालबुंद झालं होतं आणि ओठ थरथरत होते. थंडीने नाही. मी ओळखते.

"हो," ती म्हणाली. "त्यांनी हो म्हटल्यावर. कदाचित तेव्हाही नाही. झालं समाधान?"

झालं नव्हतं. मी उगाच सायकलची घंटी वाजवली.

"उद्या सगळ्यांसमोर मिश्रण मागणार आहे मी," ती म्हणाली. "नाही म्हणाला तर माझे सहा वर्षांचे नमुने उचलून दुसरीकडे जाईन."

"मी पण येते!"

"तू शाळेत जायचंस. माझ्या वतीने पुन्हा बोललीस ना नेले, तर बघ."

दिवा हिरवा झाला आणि ती अशी काही पॅडल मारत सुटली की मला तिला गाठताच आलं नाही.